नकाशात नसलेली बैलजोडी

निवृत्त माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तब्येत कशी आहे, आणि तुम्ही नेमकं काय करत होता? पहिल्याचं उत्तर मी थोडक्यात देतो. दुसऱ्याला ‘रेल्वेचे पूल’ म्हटलं की पांढुर्ण्यातला माणूस लगेच म्हणतो, ‘म्हणजे खांब.’ खांब नाही, खांब दुसरे लोक करत. ‘मग गर्डर?’ तेही नाही. मी पुलाचा डेक करायचो, त्याची आखणी आणि हिशेब. एवढं ऐकल्यावर समोरचा चहा मागवतो, कारण आता हे लांबणार हे त्याला कळतं. लांबतंच.

घरातली बाज डोळ्यांसमोर आणा. बाजेचे पाय म्हणजे पुलाचे खांब. पायांवर बसवलेले दांडे म्हणजे गर्डर. आणि दांड्यांवर विणलेली नवार म्हणजे डेक. माणूस झोपतो नवारीवर, पण बाज विकत घेताना ठोकून बघतो पाय. नवारीची आठवण पाठ धरल्यावर होते. उद्घाटनाच्या फोटोतसुद्धा खांब येतात, पाणी येतं, पाहुणे येतात. गाडी ज्याच्यावरून धावते तो डेक कुणाच्या लक्षातही येत नाही. चाळीशीपर्यंत मला याचं वाईट वाटायचं. मग सवय झाली.

डेकच्या मुख्य जाती दोन. जुना तो उघडा डेक. गर्डरवर थेट स्लीपर, स्लीपरवर रूळ, आणि दोन स्लीपरांच्या मध्ये मोकळी फट. चालताना फटीतून खालचं पाणी दिसतं आणि नवख्याचे पाय लटपटतात. हा डेक हलका असतो, पण गाडीचा प्रत्येक हादरा थेट लोखंडात उतरतो, बोल्ट ढिले होतात, आवाज तर विचारू नका. नवा तो गिट्टीचा डेक. काँक्रीटची लांबलचक गव्हाण करायची, तिच्यात फूटभर गिट्टी भरायची आणि त्यावर रूळ टाकायचा, जसा जमिनीवर टाकतात तसाच. गिट्टी हादरा पसरवून घेते. गाडीला कळतही नाही की जमीन संपली आणि पूल लागला.

आमचा हिशेब असा चाले. इंजिनाचं वजन कुठल्या चाकाखाली किती उतरेल. धावती गाडी उभ्या गाडीपेक्षा किती जास्त धक्का देईल. ब्रेक लागला की गाडी डेकलाही आपल्याबरोबर पुढे ओढते, ती ओढ कुठल्या खांबावर घ्यायची. उन्हाने डेक लांबतो, त्याला सरकायला जागा कुठे ठेवायची. सगळ्यात चेंगट काम पाण्याचं. डेक वजनाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो. म्हणून उतार आणि पाइप. शिवाय बाजूला गँगमनला चालायला पट्टी, आणि गाडी आली तर अंग चोरून उभं राहायला मध्ये मध्ये आसऱ्याच्या जागा. माणूस आमच्या हिशेबात होता, हे मला सांगायचं आहे. त्याच्या हातातल्या घणाचंसुद्धा वजन धरलेलं असे.

तरी लोक हिशेबाबाहेरून येतातच. तिगावजवळ एका उघड्या डेकचा आम्ही गिट्टीचा डेक केला, तेव्हा एक निवृत्त गुरुजी तक्रार घेऊन थेट ऑफिसात आले. तक्रार अशी, की पूल वाजत नाही. कितीतरी वर्षं त्यांचा नेम होता: पूल धडधडला की चपला घालायच्या, पिशवी उचलायची आणि गाडी स्टेशनात शिरता शिरता आपणही शिरायचं. नवा डेक मुका. त्यांची गाडी लागोपाठ चुकली.

‘‘गुरुजी, गाडीचं टाइमटेबल असतं,’’ मी म्हणालो.

‘‘टाइमटेबल असते, पण गाडी त्याच्यावर चालते का?’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पूल खोटं नव्हता बोलत.’’

आम्ही त्यांना चहा पाजून पाठवलं आणि आठवडाभर हसलो. डेक बदलला की वर धावणारी गाडीच नाही, खाली आणि आजूबाजूला राहणारा माणूसही बदलतो, हे गुरुजी सांगून गेले होते. आम्ही किस्सा म्हणून ऐकलं.

आता खरी गोष्ट. सौसरकडच्या छोट्या गाडीची, म्हणजे नॅरोगेजची, लाइन मोठी करायचं काम निघालं, तेव्हा रामाकोन्याच्या बाजूला एका नदीवरचा पूल माझ्याकडे आला. गावाचं नाव लिहीत नाही. पोलिसांपर्यंत गेलेलं प्रकरण आहे आणि गावात मला अजून जेवायला बोलावतात. नदीच्या एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला पाचपन्नास घरांची टोली. उन्हाळ्यात नदी कोरडी, बैलबंडी खुशाल आरपार. पावसाळ्यात मात्र टोली पलीकडे अडकलेली. छोट्या गाडीच्या जुन्या उघड्या पुलावरून माणसं स्लीपर धरून धरून येत, पण जनावर नाही. फटीत खूर गेला की पाय मोडलाच.

टोलीत देवकाबाई नावाची बाई राहते. नवरा लवकर गेला, शेती तिनेच केली. कपाशी, तूर आणि थोडी संत्र्याची झाडं. तिच्या घराला त्या गावच्या पोळ्याचा मान आहे. पोळ्याला गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या जोड्या सजून रांगेत उभ्या राहतात, आणि मानाची जोडी तोरणाखालून आधी जाते. मग बाकीच्या सुटतात. त्यालाच पोळा फुटणं म्हणतात. पण पोळा येतो श्रावण संपताना, नदी तेव्हा भरलेली, आणि देवकाबाईची जोडी पलीकडच्या काठावर. मग तिच्या घराच्या वतीने गावच्या पाटलांची जोडी पुढे जायची. तिच्या सासऱ्याच्या काळापासून हे असंच. टोलीच्या काठावर आपले बैल सजवून उभं राहायचं आणि पलीकडचा ढोल ऐकायचा, हा देवकाबाईचा पोळा.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की नव्या पुलाचं काम चालू असताना एक बाई रोज येते, काँक्रीटकडे बघते आणि निघून जाते. एक दिवस तिने मला गाठलं.

‘‘साहेब, याच्यात गिट्टी भरून राहिले म्हणते. मंग फटी नाही राहत?’’

‘‘नाही मावशी. सपाट. जमिनीसारखं.’’

‘‘मंग याच्यावरून बैल जातीन का?’’

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या डेकविषयी एवढ्या आपुलकीने कुणी विचारलं नव्हतं. मी फुशारलो. म्हणालो, ‘‘बैल काय घेऊन बसलात मावशी, हत्ती गेला तरी हलणार नाही!’’

ती हसली आणि गेली. तिने विचारलं होतं एक, मी सांगितलं दुसरंच. इंजिनिअर माणसाला ‘जाईल का’ विचारलं की तो वजन बघतो. ‘जाऊ द्याल का’ असंही कुणी विचारू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

गाड्या सुरू झाल्या. मोठ्या लाइनवर दिवसाला मोजक्याच. दुसऱ्या पावसाळ्यात डेकचे पाइप नीट वाहतात का ते बघायला मी गेलो. तो दिवस पोळ्याचा होता, आणि आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झालं होतं. माझ्याबरोबर त्या भागाचा चावीवाला शालिक होता. चावीवाला म्हणजे रोज रुळावरून चालत जाऊन, रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या दिसल्या की ठोकणारा माणूस. आम्ही गावाकडच्या टोकाला, पुलाखाली पाइपाशी होतो. वर घुंगरं वाजली.

वर येऊन बघतो तर देवकाबाई पुलाच्या मधोमध. हातात कासरा, पांढरीशुभ्र जोडी, पाठीवर आरशांच्या झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. बाई हिरव्या लुगड्यात, ताठ. बैल रुळांच्या मधून, गिट्टीवर जपून पाय टाकत येत होते. मी इतकं घाबरलो नसतो. पॅसेंजर कधीच गेली होती आणि ते तिलाही ठाऊक होतं. पण शालिकचा फोन वाजला. स्टेशनातून सांगत होते, टोलीच्या बाजूने एक सुटं इंजिन येतंय.

शालिकने पिशवीतून लाल झेंडी काढली आणि पुलाच्या बाजूच्या पट्टीवरून टोलीकडे धावत सुटला. पुलाच्या पलीकडे वळण आहे, इंजिन दिसेपर्यंत ते अंगावर येतं. मी बाईकडे धावलो.

‘‘मावशी, मागं इंजिन येतंय!’’

‘‘आवाज कुठं हाय?’’ तिने मागे वळून विचारलं.

आवाज नव्हताच. विजेचं इंजिन, आणि खाली माझा मुका डेक. तिगावचे गुरुजी मला त्या क्षणी आठवले, आणि या वेळी हसू आलं नाही.

बैलांना वळवता येईना, बैल उलटा चालत नाही. आसऱ्याची जागा एका माणसापुरती. तिथे फार तर एक शिंग मावलं असतं. पुढेच जायचं होतं, आणि पळवायचं नव्हतं, कारण पळाले की गिट्टीत पाय मुरगळणार. बाईने दोघांच्या माना जवळ घेतल्या आणि बोलत बोलत चालू लागली. मी मागे. मागून इंजिनाचा हॉर्न आला तसा डावीकडचा बैल उसळला. मी वळून दोन्ही हात वर करून ओरडलो, ‘‘वाजवू नका!’’ जगात असा रेल्वेवाला मी एकटाच असेन, ज्याने ड्रायव्हरला हॉर्न बंद करायला सांगितलं.

इंजिन पुलाच्या तोंडाशी थांबलं होतं. शालिक त्याच्यापुढे रुळात उभा होता, झेंडी दोन्ही हातांनी ताणून धरलेली. जोडी पुलावरून उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मग ड्रायव्हर खाली आला, घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘साहब, आज बैलों की भी ड्यूटी है क्या?’’

आम्ही गावाच्या बाजूला उतरलो आणि तिकडून एकदम ढोल, आरोळ्या, धूळ. पोळा फुटला होता. पाटलांची जोडी दरवर्षीप्रमाणे पुढे गेली होती. देवकाबाई तिथेच थांबली. मग तिने झुलीच्या टोकाने बैलाच्या नाकावरची धूळ पुसली. मला तिला रागवायचं होतं, आणि ते माझ्याच्याने झालं नाही.

चौकशी झाली. देवकाबाईने जबानीत सरळ सांगितलं, ‘‘साहेबच म्हनले होते, हत्ती जाईन.’’ माझ्या वरिष्ठांनी मला बोलावलं.

‘‘हत्ती म्हणालात?’’

‘‘म्हणालो.’’

‘‘कुठल्या अधिकारात?’’

‘‘वजनाच्या,’’ मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. बाईला समज देऊन सोडलं, आणि मला पुलाच्या दोन्ही टोकांना जनावर-अडथळा आखायला सांगितलं. म्हणजे रुळाखाली खड्डा घ्यायचा आणि त्यावर फटी ठेवून दांडे टाकायचे. गाडी जाते, जनावर बिचकतं. गंमत बघा, फटी बुजवल्या मी आणि फटी पुन्हा आणल्याही मीच.

खड्डे खणताना देवकाबाई आली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

‘‘आला म्हना तुमच्या नकाशात बैल,’’ ती म्हणाली. ‘‘पन आनला तो खड्ड्यात घालाले.’’

हे मला लागलं. चुकीचा अडथळा नव्हता तो. आजही कुणी विचारलं तर तोच आखीन. पण लागलं.

नव्या पुलाच्या शेजारीच छोट्या गाडीचा जुना पूल उभा होता. रूळ काढून नेलेले, नुसते खांब आणि गर्डर. गर्डर भंगारात जाणार होते. जनपद पंचायतीने, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीने, मागितला तर तो पूल रस्त्यासाठी देता येईल, अशी एक वाट निघाली. त्यासाठी गावाचा ठराव लागत होता, आणि सरपंच होते तेच पाटील, ज्यांच्या जोडीने इतकी वर्षं मान घेतला. पूल झाला तर मान जाणार होता त्यांचाच. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि फिरवून फिरवून बोलू लागलो. पाटलांनी ऐकून घेतलं.

‘‘साहेब, सरळ बोला ना. मी सही करतो का नाही, हेच पाहून राहिले न तुमी?’’

‘‘हो.’’

‘‘माह्या बापानं सांगतलं होतं, मान सांभाळाले दिला हाय, ठेवाले नाही. दरसाल तोरनाखालून जातो आन् पल्याड ती बाई उभी दिसते. गोड लागत नाही बापा सन.’’ मग म्हणाले, ‘‘पन दुसरा नंबर माहा. तो मी कोनाले देनार नाही.’’

ठराव झाला. कागद फिरत राहिले. मध्ये एक पोळा नदीनेच खाल्ला. पण त्या पुलाचा डेक मी आखला, निवृत्तीआधीचं माझं शेवटचं काम. ज्या गर्डरांनी छोटी गाडी वाहिली त्यांना बैलबंडी म्हणजे काहीच नव्हे, म्हणून मी वरून लोखंडी खरबरीत पत्रे टाकले, दोन्ही बाजूंना दांडे लावले, आणि बैल बोलावले. बैल पुलाच्या तोंडाशी आले, एक पाय पत्र्यावर ठेवला, पत्रा पोकळ वाजला, आणि चारी पाय रोवून उभे. ओढलं, चुचकारलं, चारा दाखवला. गावातल्या एकानेही सल्ला द्यायचं बाकी ठेवलं नाही.

मी घरी येऊन विचार करत बसलो. हेच बैल माझ्या गिट्टीच्या डेकवरून सरळ चालत आले होते. फरक काय? गिट्टी वाजत नाही, आणि खालचं पाणी दिसत नाही. गाडीला हवं होतं तेच बैलालाही हवं होतं. मग पत्र्यावर मुरमाचा जाड थर टाकला, त्याचं पावसात भिजलेलं वजन गर्डरांच्या हिशेबात धरलं, मुरूम वाहून जाऊ नये म्हणून कडेला काठ दिले, आणि पाण्याला पाइप. बाजूचे दांडे बैलाच्या डोळ्यापर्यंत पत्र्याने झाकले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात साधा डेक. त्याचा नकाशा मी जपून ठेवला आहे, कारण त्यात एका कोपऱ्यात मी बैल काढला आहे. कुत्र्यासारखा दिसतो, पण बैल आहे.

गेल्या पोळ्याला मला आमंत्रण होतं. नदी काठोकाठ. देवकाबाई जोडी घेऊन जुन्या पुलावरून आली. शेजारच्या नव्या पुलावरून त्याच वेळी गाडी गेली, नेहमीसारखी गुपचूप. बैलांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तोरणाशी पाटील आपली जोडी घेऊन एक पाऊल मागे सरकले आणि देवकाबाईला हाताने ‘या’ म्हणाले. आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे चढ्या आवाजात टोमण्याच्या ओळी. गर्दीतून एकाने माझ्याकडे बघत आवाज दिला:

‘‘पुलाशेजारी पूल, पुलावरती माती,
बैल गेले पुढे, साहेब शोधे हत्ती,
हर बोला हर हर महादेव!’’

मानाची जोडी तोरणाखालून गेली. देवकाबाई रडत होती आणि ते लपवत नव्हती. माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू.

सगळं आटोपल्यावर ती मला ओवाळायला आली. जवळून बघितलं तर बैल थकलेले होते, पाठीचं हाड झुलीखालूनही दिसत होतं.

‘‘झालं ना मावशी मनासारखं?’’

‘‘झालं. पुतन्या आता टॅक्टर घेऊन राहिला साहेब. हे दोघं पुढच्या पोळ्यापावतर राहीन का नाही, सांगता येत नाही. नवी जोडी तो घेत नाही.’’ ती जुन्या पुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘एक विचारू? याच्यावरून टॅक्टर जाईन का?’’

या वेळी मी हत्तीचं नाव काढलं नाही. विचारलं, ‘‘शेतात न्यायला का पोळ्यात?’’

‘‘मान तं घराचा असते,’’ ती म्हणाली. ‘‘बैलाचा थोडी असते.’’

पण बोलताना तिचा हात बैलाच्या वशिंडावरच होता. मी म्हणालो, हिशेब करून सांगतो.

घरी येऊन त्याच संध्याकाळी हिशेब केला. ट्रॅक्टर आरामात जातो. तिला अजून कळवलेलं नाही.